लेण्यातल्या आरोग्य-शिबिरांच्या संयोजकांना एका घड्याळजीचे खुले पत्र

शिबिराचे संयोजक, मार्गदर्शक आणि प्रायोजक मंडळी,

स. न. वि. वि.

तुमच्या पुढच्या शिबिराचे पत्रक माझ्या दुकानाच्या काउंटरवर कुणी तरी ठेवून गेले. गुळगुळीत कागद, वर लेण्याचा फोटो, त्यातल्या स्तूपाच्या घुमटावर ठेवलेले एक सोनेरी घड्याळ आणि खाली मथळा, ‘दोन हजार वर्षांच्या ऊर्जेत तीन दिवस’. गेल्या हिवाळ्यातल्या शिबिरानंतर आम्ही काही जण तुमच्या माणसांना भेटलो होतो. ‘वरती कळवतो’ म्हणाले. वरती कळले की नाही कोण जाणे, नव्या तारखा मात्र खाली आल्या. म्हणून आता चारचौघांत लिहितो आहे.

लेण्याचे नाव लिहिणार नाही. लिहिले तर येत्या रविवारी आणखी गाड्या तिकडे वळतील. तुमचेही नाव लिहीत नाही. पत्र कुणाला आहे हे तुम्हाला कळेल, आणि ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांनाही.

मी घड्याळजी. कोल्हापुरात टाऊन हॉलपासून हाकेच्या अंतरावर माझे दुकान आहे. वडिलांच्या वेळी टेबलावर एचएमटीच एचएमटी असायच्या. आता गिऱ्हाईक वेगळे आहे. शिरोलीचे फौंड्रीवाले, गुजरीतले सराफ, उसावर मोठी झालेली घराणी. एकेकाच्या मनगटावरच्या स्विस घड्याळाच्या किमतीत चारचाकी येईल. त्यांतले बरेच जण तुमचे सभासद आहेत, आणि तुमच्या शिबिराची पहिली बातमी मला त्यांच्या घड्याळांनीच दिली.

झाले असे, की नुकतीच सर्व्हिसिंग केलेली चांगली घड्याळे पुढे पळतात म्हणून परत येऊ लागली. दिवसाला दहा-दहा मिनिटे पुढे. होकायंत्र जवळ धरले की सुई गर्रकन फिरायची. यांत्रिक घड्याळाची चाल ठरवणारे, मागेपुढे हलणारे चाक म्हणजे बॅलन्स, आणि त्यावर केसाहून बारीक हेअरस्प्रिंग असते. तिच्यात चुंबकत्व शिरले की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि बॅलन्स घाईने हलू लागतो. चुंबकत्व काढणाऱ्या डीमॅग्नेटायझरवर धरले की काही सेकंदांत दोष जातो. पण आठवडा गेला की तेच गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन हजर. शेवटी एकाला शर्टाची बाही वर करायला लावली. घड्याळाला खेटून, त्याच मनगटावर, तुमचे ‘ऊर्जा-कंकण’. आतल्या बाजूने ओळीने चुंबक बसवलेले.

धंद्याच्या हिशेबाने मी तुमचे आभारच मानायला हवेत. पण चुंबकाने हेअरस्प्रिंगचे काय होते हे मी कुणालाही टेबलावर दाखवू शकतो. त्याने गुडघे थांबतात, साखर उतरते, नसा मोकळ्या होतात, हे तुम्ही कुठे दाखवले? रक्तात लोह असते आणि चुंबक त्याला ओढून रक्ताभिसरण वाढवतो, असे तुमचे मार्गदर्शक माइकवरून सांगतात. रक्तातले लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेले असते. खिळा धावतो तसे ते चुंबकाकडे धावत नाही. धावत असते, तर दीड टेस्लाचे जबर चुंबक असलेल्या एमआरआय मशीनमध्ये गेलेला माणूस धड बाहेर आला नसता. तुमचे कंकण तर त्या मशीनपुढे काहीच नाही.

कंकणाचा दुसरा परिणाम माझ्या घरात झाला. माझ्या थोरल्या वहिनींना बरीच वर्षे मधुमेह आहे. त्या तुमच्या शिबिराला गेल्या, पूर्ण पॅकेज घेऊन गेल्या. ‘गोळ्या बंद करा’ असे त्यांना कुणी सांगितले नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. तुमचे मार्गदर्शक म्हणाले, ‘शरीराचं ऐकायला शिका, गोळ्यांची गरज आपोआप गळून पडेल.’ वहिनींनी शरीराचे ऐकले. पुढे पायाची जखम भरेना, साखर चारशेच्या वर गेली आणि दवाखान्यात हलवावे लागले. आता त्या बऱ्या आहेत. अजूनही म्हणतात की तिथे झोप छान लागली, श्वासाचे व्यायाम आवडले. त्याला माझी हरकत नाही. शांत बसून श्वास घ्यायला शिकवा, त्याची फी घ्या, कोण नको म्हणतो? कोल्हापुरात तालमीतल्या मालिशीने खांदा मोकळा झाला नाही असा माणूस विरळा, आणि मीही पाठ धरली की आधी तेलाची वाटी शोधतो. पण मालिश करणारा वस्ताद साखरेच्या गोळ्यांबद्दल बोलत नाही.

तुमच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला रोगांची यादी आहे. मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात. औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून या देशात आहे आणि हे तिन्ही रोग त्याच्या अनुसूचीत आहेत. ते बरे करण्याचा दावा छापणे हाच गुन्हा होतो, मग खाली बारीक अक्षरात ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलतात’ लिहिले तरी.

आता लेण्याकडे येतो. पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे.

तुमचे शिबिर उठल्यावर मी तिथे गेलो होतो. आतल्या खोल्यांमधल्या दगडी बाकांवर तुम्ही तेलाचे दिवे ओळीने मांडले होते. छतावर काजळीच्या जिभा उमटल्या आहेत. बोट लावले तर वरची काजळी बोटाला येते, पण तिच्याखाली तेलाचा चिकट थर राहतो आणि त्यावर वटवाघळांच्या शिटेची धूळ धरते. तो थर घासून काढायचा, तर त्याच्याबरोबर छिन्नीच्या खुणा जाणार. त्या खुणा तुमच्यापैकी कुणी पाहिल्या आहेत का? भिंतीवर माणसाच्या खांद्याइतक्या उंचीपर्यंत फटकारे एका दिशेने तिरके आहेत. त्याच्या वर गेले की दिशा बदलते, कारण तिथून कारागीर मचाणावर चढला असणार. एका कोपऱ्यात तर हत्यार बदललेले दिसते, रुंद छिन्नी ठेवून त्याने अरुंद घेतली आहे. मी दिवसभर हत्यारांत बसणारा माणूस, मला त्या कोपऱ्यातून लवकर निघवत नाही. नेमक्या त्याच कोपऱ्यात तुम्ही स्पीकर टांगायला ड्रिलने दोन भोके पाडून रॉलप्लग ठोकले आहेत. ते अजून तिथेच आहेत. पांढरे, प्लॅस्टिकचे.

आणि स्तूप. तुमच्या प्रायोजकांनी घड्याळांचे फोटोसेशन तिथेच उरकले. स्तूपाच्या चौथऱ्यावर एक, घुमटावर एक, खांबाच्या तळखड्याला टेकवून एक. ही घड्याळे शोरूममध्ये मखमलीच्या ट्रेमध्ये, हातमोजे घालून दाखवतात. तीच ठेवायला लोकांच्या वंदनेची जागा टेबल म्हणून चालली. एवढे महाग घड्याळ विकणाऱ्याला ते मांडायला साधा लाकडी ठोकळा मिळत नव्हता, असे मला वाटत नाही. दगडाचे वय त्याला मालाच्या किमतीत मिळवायचे होते. तुम्ही कंकणाचे जे केले तेच त्याने घड्याळाचे केले.

परवानगीचा कागद दाखवा म्हटल्यावर तुमचा माणूस गावातल्या कुणाशी तरी झालेले व्हॉट्सॲपवरचे बोलणे दाखवू लागला. संरक्षित स्मारकात सभा, मेजवानी, परिषद किंवा करमणुकीचा कार्यक्रम सरकारच्या लेखी परवानगीशिवाय घेता येत नाही, हे केंद्राच्या १९५९ च्या नियमांत आहे. स्मारकाला इजा केली तर १९५८ च्या कायद्याने, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. राज्याच्या यादीतल्या स्मारकांसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे. तुमचे सल्लागार वकील असतीलच, त्यांना विचारा.

१९५९ च्या त्याच नियमांत रूढ धार्मिक प्रथेला सूट आहे. ती कुणासाठी आहे तेही सांगतो. शिबिर चालू असताना पौर्णिमा होती. जवळच्या वस्तीतल्या उपासिका पांढऱ्या साड्या नेसून, फुले घेऊन नेहमीप्रमाणे वंदनेला आल्या. त्या मेणबत्त्यासुद्धा बाहेरच्या ओट्यावर लावतात आणि जाताना मेण खरवडून नेतात. तुमच्या स्वयंसेवकांनी त्यांना दोरीच्या बाहेर उभे केले. त्यांतल्या एक आजी मला नंतर म्हणाल्या, “आत क्लास चालू हाय म्हणं, बुद्धाचाच. पर आमास्नी सोडंनात.” ज्या जिल्ह्यात माणगावला १९२० साली शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मांडवात बसले, तिथे हे झाले. त्या आजींची तुम्ही अजून माफी मागितलेली नाही.

तुमच्या पत्रकातला एक दावा माझ्या धंद्याचा आहे, तो सोडवत नाही. लेण्यातल्या खोल्या ‘४३२ हर्ट्झच्या उपचारक कंपनासाठी’ मोजून खोदल्या, असे तुम्ही लिहिले आहे. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती कंपने. मनगटावरच्या चांगल्या यांत्रिक घड्याळाचा बॅलन्स चार हर्ट्झवर चालतो, म्हणजे तासाला २८,८०० ठोके. सेलच्या घड्याळातले क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरते. हे आकडे आपण मोजतो, कारण आपल्याकडे सेकंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटाकडे सेकंद नव्हता. आपल्या जुन्या मोजणीतली घटिका २४ मिनिटांची, भोक पाडलेले भांडे पाण्यात बुडेपर्यंतची. दिवसाचे तुकडे आपण ८६,४०० केले म्हणून ४३२ हा आकडा निघतो. तुकडे वेगळे केले असते तर तोच सूर वेगळ्या आकड्याचा झाला असता. तेव्हा ज्याच्याकडे सेकंदच नाही तो ४३२ धरून खोदकाम कसे करील? आणि ज्या धातूच्या वाट्या तुम्ही आत वाजवता, त्या वाजवून उपचार करण्याचे खूळ गेल्या पन्नासएक वर्षांत पश्चिमेत फोफावलेले आहे. वाजवा, नाद गोड आहे. त्याला इथल्या भिक्खूंची परंपरा म्हणू नका.

परंपराच हवी असेल तर ती आहे, आणि फार चांगली आहे. विनयपिटक म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ, त्यातल्या महावग्ग या भागात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी, आपल्याच घाणीत पडलेला, कुणी बघायला नाही. बुद्ध पाणी ओततात, त्यांचे शिष्य आनंद त्याला धुतात, दोघे मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवतात. मग बुद्ध इतरांना सांगतात, की माझी सेवा करायची असेल त्याने रोग्याची सेवा करावी. तिथेच पुढे कोणत्या रोग्याची शुश्रूषा करणे अवघड असते याची यादी आहे. त्यात एक आहे, जो औषध घेत नाही तो. त्याच ग्रंथात औषधांचा अख्खा खंड आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित ही पाच औषधे भिक्खूंना जवळ ठेवायला परवानगी होती. फाणित म्हणजे जवळजवळ आपली काकवीच. अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी उपचारांची सोय केल्याचे, औषधी वनस्पती लावल्याचे कोरून ठेवले आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यात राजवैद्य मगिल याच्या मुलांची दाने आहेत. वैद्याच्या घरच्यांनी लेण्याला पैसे दिले होते. लेणे दाखवून रोग्याकडून घेतले नव्हते.

मंत्र घालून, अंगावरच्या खुणा वाचून, भूत उतरवून पोट भरणाऱ्यांबद्दल दीघनिकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या संग्रहातल्या पहिल्याच सुत्तात काय म्हटले आहे, ते तुमच्या मार्गदर्शकांनी एकदा माइक बंद करून वाचावे.

‘कोल्हापूरचा विस्मृतीत गेलेला बौद्ध वारसा आम्ही उजेडात आणला’ हे वाक्य मात्र कृपा करून काढाच. एकोणिसाव्या शतकात कोल्हापुरात स्तूपाचे अवशेष मिळाले आणि त्यातल्या पेटीवर ब्राह्मीत लिहिले होते की हे ब्रह्म नावाच्या माणसाचे दान, धर्मगुप्ताने करवलेले. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४५-४६ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले. त्या टेकाडात मिळालेली रोमन काळातली, ग्रीक समुद्रदेव पोसायडनची, छोटी काशाची मूर्ती आपल्याच संग्रहालयाची आहे. सातवाहनांच्या काळात या गावाचा हात कुठपर्यंत पोचत होता, ते त्या एवढ्याशा मूर्तीवरून समजते. जोतिबाच्या बाजूची पोहाळ्याची लेणी शाळेच्या सहलींनी पाहिलेली आहेत. उजेड होता. तुम्ही काजळी आणली.

राहिले बक्षिसाचे घड्याळ. ‘पाच सभासद आणा, स्विस घड्याळ मिळवा’ ही तुमची योजना. ते मिळवलेले एक गृहस्थ बंद पडले म्हणून माझ्याकडे घेऊन आले. डायलवर स्विस, डायलवरच ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिक म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे घड्याळ, ते हलवले की आतला रोटर फिरल्याचे हाताला कळते. हे हलवले तर नुसती पट्ट्याची खुळखुळ. मागचे झाकण त्यांच्यासमोर उघडले. मोठ्या केसच्या मधोमध नाण्याएवढे सेलचे मशीन, आणि ते हलू नये म्हणून भोवती पांढऱ्या प्लॅस्टिकची रिंग. घड्याळावर स्विस लिहायचे तर निर्मितीखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला लागतो, हा नियम २०१७ पासून आहे. या घड्याळातला किती टक्के भाग कुठला होता, ते मी त्या गृहस्थांना सांगितले नाही. सेल बदलून दिला. त्यांनी नातेवाइकांतली पाच माणसे तुमच्याकडे आणली होती, आणि ते त्यांना आता काय सांगणार, हा विचार त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

तर मागण्या अशा. लेण्यातले पुढचे शिबिर रद्द करा. मंगल कार्यालये आहेत, शेतावरची घरे आहेत, पन्हाळ्याला हॉटेलांचे हॉल आहेत, तिथे घ्या. रॉलप्लग स्वतः उपटू नका आणि काजळीवर साबण-ब्रश घेऊन स्वयंसेवक सोडू नका. पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा, त्यांचे तज्ज्ञ जे सांगतील ते करू द्या आणि त्याचा खर्च भरा. प्रायोजकांनी स्तूपावरचे घड्याळांचे फोटो सगळीकडून उतरवावेत. पत्रकातली रोगांची यादी काढा. प्रत्येक शिबिरार्थीकडून चालू औषधांची माहिती घ्या आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही गोळी कमी करायची नाही, हे पहिल्या दिवशी माइकवरून सांगा. पौर्णिमेला अडवलेल्या उपासिकांकडे जाऊन माफी मागा. फुलांचा गुच्छ पाठवू नका, स्वतः जा. ज्यांना कंकणाचे पैसे परत हवे आहेत त्यांना ते द्या. वहिनींना नको आहेत, त्यांनी तसे सांगितले आहे.

जाता जाता पुरातत्त्व खात्याच्या संबंधित कार्यालयालाही दोन ओळी. लेण्याच्या पायथ्याशी निळा फलक आहे, त्यावर कायद्याची कलमे आहेत, पण तक्रार करायला फोन नंबर नाही. तो लिहा. शनिवार-रविवारी एक पहारेकरी द्या. आमच्या तक्रारअर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर मिळालेले नाही.

तुमच्या संयोजकांपैकी कुणालाही माझ्याशी बोलायचे असेल तर दुकान सकाळी दहाला उघडते. शिबिरात कंकण घेतलेल्यांनी ते निदान घड्याळाच्या हातात घालू नये. ज्यांना बक्षिसाचे घड्याळ मिळाले आहे त्यांनी ते घेऊन यावे. झाकण त्यांच्यासमोर उघडून आत काय आहे ते दाखवीन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपला,
टाऊन हॉलजवळचा एक घड्याळजी
कोल्हापूर